खारूताई घरात आली, तर...

गेल्या महिन्यात हैदराबादहून एका वाचक मैत्रिणीचा मेल आला. बाल्कनीत कबुतरांसाठी लावलेल्या जाळीच्या खाली तिला खारीचं पिल्लू सापडलं. दोन दिवस आईची वाट पाहिली, ती फिरकली नाही. मग मुलांनी त्याचं नाव ठेवलं, बुटाच्या खोक्यात जुनी बनियन घातली आणि पिल्लू घरचंच झालं. आता महिना-दीड महिना उलटलाय, ते खोक्यात थांबत नाही. तिचा प्रश्न एवढाच होता, "दिवसभर घरात धावत असतं. त्याला कशाकशापासून जपायचं?"

मी लगेच उत्तर लिहायला बसले आणि अडले. कारण या प्रश्नाचं उत्तर मला फार महागात शिकावं लागलं आहे.

आम्ही बडोद्याला राहतो. इथे तिला खिसकोली म्हणतात, हिंदीत गिलहरी, आमच्या गोव्याच्या मावशी चानी म्हणतात, आणि आमच्या घरात ती खारूताईच. चार वर्षांपूर्वी अंगणातल्या कडुनिंबाखाली पडलेलं एक पिल्लू आम्ही वाढवलं. बिट्टू. गॅस, पाणी, मांजर, सगळ्याचा विचार मी केला होता. माझ्या मते घर चोख होतं. एका संध्याकाळी माझा मुलगा शाळेतून आला आणि त्याने नेहमीसारखं खोलीचं दार लोटलं. बिट्टू दाराच्या बिजागरीकडच्या फटीत चढून बसला होता.

मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. त्याची काहीच चूक नव्हती. त्या फटीत प्राणी बसू शकतो हे मलाच सुचलं नव्हतं, तर त्याला कुठून सुचणार?

म्हणून पहिली गोष्ट तीच सांगते. विष आणि विजेच्या आधी दारं, खुर्च्या आणि गाद्या. लहान खारीला उबदार, अंधारी, अंगाला चिकटणारी जागा हवी असते, आणि माणसांच्या घरात अशा जागा म्हणजे बिजागरीची फट, सोफ्याच्या उशीमागची खोबण, दिवाणाचा कप्पा, धुवायच्या कपड्यांचा ढीग, अंथरुणातली गोधडी. पाठीमागे कलणारी खुर्ची घरात असेल, तर पिल्लू बाहेर असेपर्यंत तिच्यावर कुणी बसायचंच नाही. वॉशिंग मशीनमध्ये कपडे टाकताना एकेक झटकून टाकायचा. दारं एकतर पूर्ण बंद किंवा पूर्ण उघडी, आणि उघड्या दाराला अडसर लावलेला. पिल्लू कुठे आहे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय दाराला हात लावायचा नाही, हा नियम पाहुण्यांनाही सांगायचा. मोलकरीण, गॅसवाला, शेजारची मुलं, सगळ्यांना. थोडं वेड्यासारखं वाटतं, पण वाटू द्या.

दुसरी खार, चिक्की, दोन वर्षांनी आली. एसीच्या सर्व्हिसिंगला आलेल्या मुलाने बाहेरच्या युनिटमागून काथ्या, कापूस आणि चिंध्यांचा गोळा ओढून काढला, त्यात दोन पिल्लं होती. एक तेव्हाच गेलेलं. दुसरं गुलाबी, डोळे मिटलेलं, माझ्या करंगळीपेक्षा थोडं मोठं. या वेळी मी घाई केली नाही. गरम पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून खोक्यात ठेवली, वर पिल्लू, आणि खोकं त्याच जागेजवळ बांधलं. खारीची आई पुष्कळदा परत येते आणि पिल्लू तोंडात धरून दुसरीकडे नेते. आपण मात्र लांब राहिलं पाहिजे आणि वेळ दिवसाची हवी, कारण खारी रात्री बाहेर पडत नाहीत. चिक्कीची आई आली नाही. ती घाबरून गेली की कुणी तिला मारलं, कोण जाणे.

इथे एक कडू गोष्ट सांगून टाकते. खार हा पाळायचा प्राणी नाही. देशी वन्य प्राणी पकडून पिंजऱ्यात ठेवायला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा मोकळीक देत नाही. पिल्लू सापडलं आणि आई आली नाही, तर वनविभागाला किंवा गावातल्या प्राणी-बचाव संस्थेला फोन करायचा. महाराष्ट्रात वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे. आम्हीही इथल्या संस्थेला फोन केला. त्यांच्याकडे जागा नव्हती, त्यांनी फोनवर समजावून सांगितलं आणि मोठी झाली की सोडायची या बोलीवर आम्ही तिला ठेवलं. तेव्हा हा लेख खार पाळायला निघालेल्यांसाठी नाही. ज्यांच्या घरात ती काही आठवड्यांची पाहुणी म्हणून आलीच आहे, त्यांच्यासाठी आहे.

पहिल्या आठवड्यांत धोका घराचा नसतो, आपल्या मायेचा असतो. आपण पिल्लू पाहिलं की वाटीत गाईचं दूध ओततो. ते त्याला पचत नाही, जुलाब होतात, आणि एवढ्याशा जिवाला एका दिवसाचे जुलाबही पुरतात. कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळणारी दुधाची पावडर प्राण्यांच्या डॉक्टरांना विचारून, ते सांगतील तशी पातळ करून द्यायची. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यायची, दूध नंतर. गार पोटात दूध जिरत नाही. सुई काढलेली १ मिलीची सिरिंज, पिल्लू पालथं, डोकं किंचित वर, आणि थेंब थेंब. माणसाच्या बाळासारखं उताणं धरून पाजलं तर दूध फुप्फुसात जातं. नाकातून दूध आलं की लगेच थांबायचं. आणि प्रत्येक वेळी पाजल्यावर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पोटाखाली हलकेच पुसायचं, नाहीतर त्याला शी-शू होत नाही. आई जिभेने जे करते, ते आपण कापसाने करायचं.

साधारण तीन आठवड्यांनी डोळे उघडतात, पाचव्या-सहाव्या आठवड्यात पाय लागतात, आणि मग खरी परीक्षा.

चिक्की बादलीत पडली तो दिवस मला तारखेसकट आठवतो, कारण त्या दिवशी नळाला पाणी येणार नव्हतं आणि न्हाणीघरात तीन बादल्या भरलेल्या होत्या. प्लॅस्टिकच्या बादलीच्या गुळगुळीत कडेवर नखं ठरत नाहीत. सासूबाई हात धुवायला गेल्या म्हणून वाचली. त्यांनी ओल्या चिंधीसारखं ते शरीर उचललं, पदरात गुंडाळलं आणि डोकं खाली करून नाका-तोंडातलं पाणी निथळू दिलं. अर्धा तास छातीशी धरून बसल्या होत्या. संध्याकाळी डॉक्टरांनी छाती तपासली. तेव्हापासून आमच्याकडे भरलेली बादली झाकलेली, रिकामी उपडी आणि कमोडचं झाकण बंद. गच्चीतल्या टाकीलाही झाकण. पक्ष्यांसाठी बाहेर पाणी ठेवता ना? त्या पसरट भांड्यातसुद्धा पाण्याबाहेर डोकावेल असा एक खडबडीत दगड ठेवा. घरची नसली तरी कुणाची तरी खार तिथे येतेच.

पंख्याचं काय करायचं हे मात्र बडोद्याच्या मे महिन्यात बसून सांगणं अवघड आहे. खार पडद्यावर चढते, पडद्याच्या दांडीवर बसते आणि तिथून झेप घेते. वर पंखा फिरत असेल तर पुढचं सांगायला नको. आमच्याकडे चिक्कीला पहाटे साडेपाच ते साडेसहा मोकळं सोडायचं ठरलं. त्या तासात पंखे बंद, स्वयंपाकघराचं दार बंद, गॅस बंद. चहा साडेसहानंतर. यजमानांनी या नियमाविरुद्ध बरीच कुरकुर केली, पण पहिला चहा घेता घेता चिक्की त्यांच्या बंडीच्या खिशात झोपायला लागली, तेव्हा ते गप्प झाले. बाकी दिवसभर ती मोठ्या जाळीच्या पिंजऱ्यात, आत फांद्या आणि झोपायला कापडी पिशवी. त्या पिशवीचे कापड मात्र सुटे धागे न निघणारे हवे. टेरीच्या टॉवेलात किंवा विणलेल्या लोकरीत नखं अडकतात, धागा पायाला वेढतो आणि पाय काळा पडेपर्यंत आपल्याला कळत नाही.

इथे गुजरातेत धाग्याचा आणखी एक प्रकार आहे. उत्तरायणानंतर आठवडाभर गच्चीवर, तारांवर, झाडांवर मांजाचे तुकडे लोंबत असतात. खारीला घरट्यासाठी धागा दिसला की ती तो ओढतेच. १५ जानेवारीनंतर मुलांना गच्चीवर पाठवून मांजा गोळा करून घेणं हे आमच्या सोसायटीत आता ठरलेलं काम आहे.

खारीचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात. कुरतडणं ही तिची खोड नाही, गरज आहे. तिला आंब्याची किंवा पेरूची फांदी, कवचासकट अक्रोड दिला नाही, तर ती मोबाइलच्या चार्जरची वायर शोधेल. चार्जर वापरून झाला की नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढून कपाटात. फ्रिजच्या मागची वायर झाकता येत नसेल तर त्या खोलीत तिला नेऊच नका. आणि कधी तिला शॉक बसलाच, तर आधी मेन स्विच, मग हात.

विषारी वस्तूंची यादी आपल्या घरात किती लांब असते हे खार आल्यावर कळतं. कपाटातल्या डांबरगोळ्या. झुरळांचा खडू. मुंग्यांची पावडर. डासांचं लिक्विड. उंदरांची वडी तर घरातच नको, शेजाऱ्यांनी टाकली असेल तर त्यांनाही विनवा. उंदरांसाठीचा चिकट सापळा दिसायला निरुपद्रवी, पण त्यात अडकलेली खार सुटायच्या धडपडीत कातडी फाडून घेते. अशी सापडली तर ओढू नका. उघड्या गोंदावर कागद टाका, चिकटलेल्या जागी खायचं तेल हलक्या हाताने चोळत सोडवा आणि डॉक्टरांकडे न्या. डासांची अगरबत्ती, धूप, स्प्रे यांचा धूर ती असेल त्या खोलीत नको. कुंड्यांमध्ये कण्हेर आणि धोत्रा हे दोन्ही जिवावर बेतणारे. कण्हेर देवाच्या फुलांसाठी असते, ठाऊक आहे. आमच्याकडची सासूबाईंनी स्वतः शेजारच्या देवळात नेऊन दिली.

खाण्यात चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा, खारे शेंगदाणे, फरसाण अजिबात नको. आणि साधे शेंगदाणे, सूर्यफुलाच्या बिया? आवडतात म्हणून तेवढंच दिलं तर कॅल्शियम कमी पडतं आणि हाडं मऊ होतात, माणसाच्या मुडदुसासारखी. मागचे पाय ओढत चालणारी घरची खार पाहिली असेल तर कारण पुष्कळदा हेच असतं. पक्ष्यांच्या दुकानात समुद्रफेन मिळतो, तो पिंजऱ्यात अडकवा. भाजी, फळं द्या. सकाळचं कोवळं ऊन द्या, पण काचेतून नाही. काचेतून उजेड येतो, हाडांना हवं ते येत नाही.

चावलीच, तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि डॉक्टरांना दाखवायची. मुलांपासून हे लपवून ठेवायची सवय लागू देऊ नका. मार बसेल या भीतीने मुलं चावा लपवतात.

हिंदी शाळेत शिकलेल्या वाचकांना महादेवी वर्मांचा 'गिल्लू' आठवत असेल. कावळ्यांनी टोचलेलं पिल्लू त्यांनी बरं केलं, वाढवलं. वसंतात बाहेरच्या खारी खिडकीच्या जाळीपाशी येऊ लागल्या, तेव्हा त्यांनी खिळे काढून जाळीचा एक कोपरा उघडून दिला. गिल्लू दिवसभर बाहेर जाई आणि संध्याकाळी परत येई. मला या सगळ्या गोष्टीत तो खिळे काढण्याचा क्षण सगळ्यात मोठा वाटतो. चिक्कीच्या वेळी आम्ही तेच केलं. पिंजरा आठ दिवस बाल्कनीत ठेवला, मग सकाळी दार उघडं आणि आत रोजचं खाणं तसंच. पहिल्या दिवशी ती कठड्यापर्यंत गेली. चौथ्या दिवशी कडुनिंबावर. दहाव्या दिवशी रात्री परतली नाही. मुलगा जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाण्यापुरती आली, खिशाकडे पाहिलंही नाही.

हैदराबादच्या मैत्रिणीला मी हे सगळं लिहून पाठवलं. तिचं उत्तर आलं, बादल्या झाकल्या, पण पंखा बंद ठेवायला सासरे तयार नाहीत. मी तिला चहाची युक्ती सांगितली आहे.

इकडे आमचा एसी यंदा सर्व्हिसिंगविनाच चालणार, कदाचित बंदच राहणार. मागच्या आठवड्यात बाहेरच्या युनिटमागे पुन्हा काथ्या दिसला. मुलाने पायपुसण्याचा कोपरा कुरतडलेला दाखवला आणि मग बाल्कनीचं दार, बिजागरीकडे वाकून पाहून, हळूच लोटलं.