जळकं ऑइल ओतू नका. पाऊस तोंडावर आला आहे

पावसाला थोडेच दिवस उरलेत. गॅरेजांपुढे मोटारसायकली रांगेने उभ्या आहेत, शिवारात ट्रॅक्टर आणि पंपांची इंजिनं उघडली जातायत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे कोकणातल्या बंदरांवर होड्या वर ओढून शाकारण्याची लगबग आहे. या दिवसांत जळकं ऑइल डब्याडब्यांनी निघतं आणि त्यातलं कितीतरी गटारात, ओढ्यात, खाडीत, नाहीतर गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत जातं. पहिल्याच मोठ्या सरीबरोबर ते वाहत निघेल. म्हणून आजच सांगायचं आहे: यंदा हे ऑइल जमिनीवर किंवा पाण्यात ओतू नका.

“माती सगळं जिरवते,” असं मेस्त्री म्हणतात. शिकलेली मंडळी म्हणतात, “तेल खाणारे जिवाणू आहेत की आता!” दोघांचंही बोलणं अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्या खऱ्याच्या आधारानेच डबे रिकामे होत राहतात.

तेल खाणारे जिवाणू आहेत, यात शंका नाही. मातीत स्यूडोमोनाससारखे अनेक आहेत. समुद्रातला अल्कॅनिव्होरॅक्स तर तेलाशिवाय फारसं काही खातच नाही. स्वच्छ पाण्यात तो मोजकाच असतो, तेल सांडलं की भराभर वाढतो. यांतले कित्येक जिवाणू साबणासारखा एक पदार्थ सोडून तेलाचे बारीक थेंब करतात, मग तेलाच्या लांब कार्बन-साखळीच्या टोकाला ऑक्सिजन जोडतात. त्यातून स्निग्धाम्ल तयार होतं आणि आपलं शरीर तूप पचवतं त्याच रीतीने ते दोन-दोन कार्बन तोडत जातात. शेवटी उरतं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड.

पण हे जेवण फुकट होत नाही. एक किलो तेल पूर्ण पचवायला साधारण साडेतीन किलो ऑक्सिजन लागतो. मोटारसायकलीतून एका वेळी निघतं ते लिटरभर ऑइल. त्याला झाला सुमारे तीन किलो. आपल्याकडच्या कोमट गोड्या पाण्यात लिटरमागे जेमतेम आठ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो. हिशेब करून बघा: एका मोटारसायकलीचं ऑइल पचवायला पावणेचार लाख लिटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन खर्ची पडतो. म्हणजे दहा हजार लिटरचे सदतीस-अडतीस टँकर. त्या पाण्यातल्या माशांनी काय करायचं? नवी हवा पाण्यात शिरते ती वरच्या थरातून, आणि तिथेच तर तवंग पसरलेला असतो.

ऑक्सिजनच्या जोडीला नायट्रोजन आणि फॉस्फरसही लागतो. तेलात कार्बन भरपूर, पण ही दोन्ही जवळजवळ नाहीतच. १९८९ साली अलास्काच्या किनाऱ्याजवळ ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ जहाज फुटलं आणि चार कोटी लिटरांहून जास्त कच्चं तेल सांडलं. तिथे किनाऱ्यावर चक्क खतं मारली गेली, जिवाणूंचं काम वेगाने व्हावं म्हणून. जिथे हवा खेळत होती तिथे त्याचा उपयोगही झाला. पण दगडगोट्यांखाली जिथे ऑक्सिजन पोचला नाही, तिथे दहा-बारा वर्षांनी खणलं तरी तेल सापडत होतं. आपल्या किनाऱ्यांवर पावसाळ्याच्या तोंडावर लागणारे डांबरगोळे घ्या. जिवाणू गोळ्याच्या पृष्ठभागावरच काम करू शकतात, आतला चिकट गर तसाच राहतो. दख्खनच्या काळ्या कातळात तर ओतलेलं तेल भेगांतून विहिरीपर्यंत जाऊ शकतं, आणि त्या खोलीवर हवा कुठून येणार?

शिवाय जळकं ऑइल हे नव्या ऑइलसारखं राहिलेलं नसतं. इंजिनात तापून तापून त्यात अनेक कड्यांची सुगंधी संयुगं जमा होतात. त्यांतली काही कर्करोगकारक आहेत आणि चार-पाच कड्यांची संयुगं जिवाणूंना फार सावकाश तुटतात. झिजलेल्या भागांचे धातू आणि ऑइलमध्ये मुळात मिसळलेलं जस्त यांचं तर विघटन होतच नाही. धातू मूलद्रव्य आहे, त्याला तोडून काय करणार?

बाजारात मिळणारी जिवाणूंची बाटली नाल्यात रिकामी करूनही हा प्रश्न सुटत नाही. ‘टेरी’ या संशोधन संस्थेने तयार केलेलं ‘ऑइलझॅपर’ हे जिवाणूंचं मिश्रण तेलकंपन्यांच्या गाळावर उपयोगी पडलं आहे. पण अशा ठिकाणी माती नांगरून हवा द्यावी लागते, ओल राखावी लागते, पोषक द्रव्यं पुरवावी लागतात. तुंबलेल्या गटारात हे कोण करणार?

एक गोष्ट आरोग्य खात्याच्या मंडळींनाही सांगायला हवी. डासांच्या अळ्या मारायला डबक्यात जळकं ऑइल टाका, ही सूचना आता बंद करा. डबकं बुजवा, पाणी वाहतं करा, टाक्यांमध्ये गप्पी मासे सोडा.

मग ऑइलचं करायचं काय? नव्या ऑइलच्या रिकाम्या कॅनमध्येच नरसाळ्याने जुनं भरा, झाकण घट्ट लावा. त्यात पेट्रोल, कूलंट, ब्रेक ऑइल किंवा पाणी मिसळू नका. वापरलेलं ऑइल शुद्ध करून त्यातून पुन्हा मूळ ऑइल काढता येतं, पण भेसळ झाली की ते काम अवघड होतं. प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या संकलकालाच ते द्या; भट्टीत जाळायला किंवा शटरिंगच्या प्लेटांना फासायला नको. १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या ऑइलची जबाबदारी कायद्याने उत्पादकांवरही आली आहे, तेव्हा दुकानदाराला विचारा, कंपनीला विचारा. चुकून सांडलंच, तर पाणी मारून गटारात ढकलू नका. भुसा किंवा कोरडी माती टाकून शोषून घ्या आणि ती वेगळी साठवा.

गाडीमालकांनो, ऑइल बदलून घेताना मेस्त्रींना एवढंच विचारा, “काढलेलं कुठे जातं?” चार गिऱ्हाइकांनी विचारलं की गॅरेजात पिंप येतं. तांडेलांनो, होडीच्या तळाशी साचलेलं तेलकट पाणी खाडीत उपसू नका. मच्छीमार सोसायट्यांनी जेट्टीवर आणि ग्रामपंचायतींनी गॅरेजांच्या वस्तीत झाकणाचं एकेक पिंप या आठवड्यात ठेवावं, आणि ते भरल्यावर कोण उचलणार हेही आजच ठरवून टाकावं.