उशी डोक्याची, उशी पायाची

मैत्रिणींनो, हॉस्पिटलातली चांगली सिस्टर कोणती? हलक्या हाताने इंजेक्शन देणारी, गोळ्यांच्या वेळा सांभाळणारी, असं आपण पटकन सांगू. न्यूझीलंडमधल्या इरिहापेती रॅम्सडेन या माओरी नर्सबाईंनी त्यात आणखी एक गोष्ट घातली. सेवा करताना रोग्याचा मान राखला गेला की नाही, हे नर्सने नव्हे, रोग्याने ठरवायचं!

माओरी हे तिथले मूळ रहिवासी. ते डोकं पवित्र मानतात. डोक्याची उशी पायाखाली सारली तर त्यांच्या मनाला लागतं. तसंच वारेचं. त्यांच्या भाषेत वार आणि जमीन या दोन्हींना एकच शब्द आहे. बाळाची वार आपल्या मातीत पुरायची, ही त्यांची रीत. आपणही ‘तिथे काय तुझी नाळ पुरलीय?’ म्हणतोच की! मग ती न विचारता टाकून दिली तर बाळंतिणीला काय वाटेल? असं मन दुखावलं की बाई पुढचं दुखणं अंगावर काढते, आणि ते कधी कधी जिवावर बेततं.

१९९२ साली तिथल्या नर्सिंग कौन्सिलने हा विषय नर्सिंगच्या शिक्षणात सक्तीचा केला. पुढे त्यावर टीकेची झोड उठली, पण विषय टिकला.

आपल्याकडेही हे जमण्यासारखं आहे. डॉक्टरांची फेरी घटकाभराची, वॉर्डात चोवीस तास असतात त्या नर्सेसच. ड्यूटी बदलताना बी.पी., सलाइनबरोबर ‘या आजींना कानडीच समजतं, त्या बाईंचा रोजा आहे’ हेही सांगायचं, असा शिरस्ता इन्चार्ज सिस्टरने पाडला, तर सगळा वॉर्ड तसा वागतो. खरं पुढारीपण ते हेच.

आपणही थोडं करावं. घरचं माणूस अ‍ॅडमिट केलं की सिस्टरला आपणहून सांगावं: उपास कोणते, घरचा काढा चालू आहे का, काय खात नाहीत, भाषा कोणती समजते. मधुमेहाच्या रोग्याने एकादशीला न सांगता उपास केला आणि गोळी मात्र नेहमीची घेतली, तर साखर एकदम उतरू शकते. तेव्हा ‘एवढं काय सांगायचं?’ म्हणून गप्प बसू नका. आणि हो, सिस्टर दूर केरळातून आलेली असली तर तिचंही नाव-गाव विचारा. मान दोन्हीकडून हवा, नाही का?