गार वारा सुटला की...

बालमित्रांनो, एप्रिलमधली एखादी दुपार आठवा. आपल्या अचलपूर-परतवाड्याकडे पारा बेचाळीसवर गेलेला, कूलरसुद्धा गरम हवा फेकतोय. चारच्या सुमारास चिखलदऱ्याच्या बाजूला, सातपुड्याच्या डोक्यावर काळं काही तरी उभं राहतं. मग एकदम गार वारा सुटतो. धूळ उडते, पत्रे वाजतात आणि आजी ओरडते, "वावधन सुटलं पोट्टेहो, दोरीवरचे कपडे काढा!" तुम्ही मात्र काय करता? थेट आंब्याखाली पळता, कैऱ्या वेचायला. नाही म्हणू नका, मीही लहानपणी तेच केलंय!

आज या गार वाऱ्याचीच गोष्ट. इतक्या उन्हात हा गारवा येतो तरी कुठून?

तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन वर जाते. तिच्यात समुद्राकडून आलेलं बाष्प असलं आणि वरच्या थरात थंड हवा असली, की ढग फुलकोबीसारखा फुगत जातो. बघता बघता त्याची उंची बारा-पंधरा किलोमीटर होते. मग माथा पसरून सपाट होतो, अगदी लोहाराच्या ऐरणीसारखा. साधारण चार-साडेचार किलोमीटरच्या वर पाणी गोठेल इतकी थंडी असते. तिथे थेंबांच्या गारा होतात आणि वर जाणारा वारा त्यांना झेलत राहतो, तोवर त्यांच्यावर बर्फाचे थर चढतात. मोठी गार मधोमध फोडून पाहा, कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्यात केवढी गारपीट झाली, ते घरच्या मोठ्या माणसांना विचारा. त्या दिवसांत कुणाच्या बगीच्यात मृग बहाराची संत्री तोडायला आलेली असतात, तर कुणाकडे आंबिया बहार नुकता धरलेला असतो. दहा मिनिटं गारा पडल्या तरी दोघांचंही वर्ष बुडतं.

वाऱ्याला गारा पेलवेनाशा झाल्या की त्या पावसाबरोबर खाली सुटतात आणि भोवतालची हवाही खाली ओढतात. काही थेंब वाटेतच सुकतात आणि त्यामुळे हवा आणखी गार होते. माठातलं पाणी गार होतं, तसंच हे. अशी गार, जड हवा जमिनीवर आदळते आणि फरशीवर बादली पालथी करावी तशी चहूकडे धावत सुटते. आपल्याला सुखावणारी ती झुळूक म्हणजे ढग जवळ आल्याची वर्दी असते, आणि तिच्यामागचा झोत झाडं उपटू शकतो. 9 एप्रिल 2023 च्या संध्याकाळी शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या पारस गावात नेमकं हेच झालं. वादळात कडुनिंबाचं एक जुनं झाड मंदिराजवळच्या टिनाच्या शेडवर कोसळलं. आत माणसं थांबलेली होती. सात जणांचा जीव गेला.

मग हवामान खातं आधी सांगत नाही का? सांगतं. पण ते सांगणं टप्प्याटप्प्याचं असतं, हे आपण नीट समजून घेत नाही. चार-पाच दिवस आधी जिल्ह्याला पिवळा किंवा नारिंगी इशारा मिळतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा. सोबत 'तुरळक ठिकाणी वादळी पाऊस' असे शब्द असतात. आपण समजतो, पाऊस थोडासाच आहे! खरं तर 'तुरळक' म्हणजे थोड्या जागी, फार तर पाव भागात. ज्या गावावर पडेल तिथे तो धो-धोच पडेल. (माझं विचाराल तर हा शब्दच बदलायला हवा.)

नेमकं गाव का सांगता येत नाही? पातेल्यात पाणी ठेवलं तर ते उकळणार हे नक्की. पण पहिला बुडबुडा कुठून फुटेल, सांगा बरं! एकेकटा ढग काही किलोमीटर रुंद असतो आणि तासाभरात संपतोही. तो जन्मल्यावरच रडारला दिसतो. नागपूरचं डॉप्लर रडार लहरी सोडतं, थेंबांवरून आणि गारांवरून परतलेल्या लहरी टिपतं आणि त्यावरून ढग किती दाट, कुठे सरकतोय ते कळतं. त्यावर पुढच्या तीन तासांचा अंदाज निघतो. पण अचलपूर तिथून सरळ रेषेत दीडशे किलोमीटरहून लांब! पृथ्वी गोल असल्यामुळे लहरी इथवर येईपर्यंत जमिनीपासून सुमारे तीन किलोमीटर वर गेलेल्या असतात. गारांचा कारखाना रडारला दिसतो, पण तुमच्या अंगणातला वारा दिसत नाही. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी केलेलं 'दामिनी' हे मोबाईलवरचं अ‍ॅप वीस-चाळीस किलोमीटरच्या आत वीज पडत असेल तर सावध करतं. आईबाबांच्या फोनवर ते असू द्या.

शेवटची दहा मिनिटं मात्र तुमचे डोळे आणि कान. वीज चमकली की सेकंद मोजा, गडगडाट ऐकू आला की आकड्याला तीनने भागा. तितक्या किलोमीटरवर वीज आहे. आकडा तिसाच्या आत आला तर पक्क्या घरात शिरा, झाडाखाली किंवा टिनाच्या शेडखाली नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. कैऱ्या कुठे पळून जात नाहीत.

या उन्हाळ्यात घरात खिडकीआड बसून एक वही ठेवा. ढग कोणत्या दिशेला उठला, गार वारा किती वाजता आला, त्यानंतर किती मिनिटांनी पहिला थेंब पडला, एवढंच लिहा. चार-पाच वादळांच्या नोंदी झाल्या की आजीला दाखवा आणि तिचा अंदाज काय होता तेही शेजारी लिहून घ्या.