एक घंटा म्हणजे थांब

आमचं चिखला म्हणजे तुमसर तालुक्यातलं मॅंगनीजच्या खाणीचं गाव. खाण भूमिगत. पिंजऱ्यातून खाली उतरणाऱ्या माणसाला काही गोष्टी पाठ असतात. पिंजरा चालू असताना एक घंटा वाजली की थांब. उभ्या पिंजऱ्याला दोन घंटा म्हणजे खाली सोड. हे इशारे नियमातच लिहून ठेवलेत. बाप ज्या इशाऱ्यावर उतरला, त्याच इशाऱ्यावर पोरगा उतरतो. "आजपासून नवीन अनुभव, थांबायला चार घंटा" असं कोणी सकाळी येऊन सांगत नाही.

माझा धंदा ऑनलाइन फॉर्म, टायपिंग आणि झेरॉक्सचा. वीस वर्षांपेक्षा जास्त काळ कॉम्प्युटरसमोर गेला. मागच्या हंगामात धान विक्रीच्या नोंदणीची मुदत संपत आली होती. सात-आठ जण सातबारा आणि पासबुक घेऊन दुकानात बसलेले. लाइन होती, नेट होतं, साइटही चालू होती. हे तिन्ही एकाच वेळी असणं म्हणजे आमच्याकडं दिवाळीच! आणि नेमका तेव्हाच कॉम्प्युटर अपडेट घ्यायला बसला. टक्के चढले, मशीन बंद झालं, सुरू झालं, पुन्हा टक्के. दीड तास गेला. सुरू झाल्यावर प्रिंटर ओळखेना. एक म्हातारे काका "उद्या येतो गा बाबू" म्हणून उठून गेले. त्यांचा त्या दिवसाचा रोज बुडाला. अपडेट कोणत्या कंपनीचं होतं ते सांगत बसत नाही. मोबाईल घ्या की कॉम्प्युटर, सवय सगळ्यांनाच लागली आहे.

मी जुनं ते सोनं म्हणणाऱ्यातला नाही. विंडोज ९८ ची निळी स्क्रीन विसरलेलो नाही. एक्सपीचे आज गोडवे गातात, पण २००३ मध्ये ब्लास्टर नावाच्या व्हायरसनं त्याच एक्सपीचे हाल केले होते. कृतीदेवमध्ये टाइप केलेलं पत्र दुसऱ्याच्या मशीनवर उघडलं की नुसता कचरा दिसायचा, तो त्रास युनिकोडनं संपवला. म्हणजे सुधारणा झाली, हे खरं.

मग बिघडलं काय? माझ्या मते एकच गोष्ट बिघडली. आपला वेळ कंपन्यांच्या हिशोबातून बाहेर पडला.

मायक्रोसॉफ्टचंच बघा. २०१४ मध्ये त्यांनी विंडोज इनसायडर कार्यक्रम सुरू केला. कच्ची आवृत्ती लाखो लोकांनी आधी वापरायची आणि चुका कळवायच्या. कल्पना वाईट नाही, पण कळवलेलं कोणी वाचायला तर पाहिजे! ऑक्टोबर २०१८ चं विंडोज १० चं मोठं अपडेट आलं आणि काही लोकांच्या फाइलीच उडाल्या. कंपनीला ते मागं घ्यावं लागलं. ही तक्रार काही लोकांनी अपडेट यायच्या आधीच नोंदवली होती. २०२४ मध्ये विंडोज ११ च्या स्टार्ट मेनूत ॲप्सच्या जाहिराती आल्या. पैसे देऊन घेतलेल्या घराच्या भिंतीवर दुसऱ्यानंच पोस्टर चिकटवावं, तसं हे झालं.

आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. म्हणजे २०१६-१७ मध्ये घेतलेली बहुतेक मशिनं नियमातच बसत नाहीत. त्यांचा कीबोर्ड चालतो, डिस्क चालते, स्क्रीन चालते, तरी मशीन बाद! शहरात कोणी नवीन घेईल. पण गावातल्या दुकानदारानं किंवा शाळेनं तीस-चाळीस हजार कुठून काढायचे?

एक वर्ष जादा सुरक्षा अपडेट मिळतात, पण त्यासाठी सेटिंगचा बॅकअप त्यांच्याकडं ठेवा, नाहीतर रिवॉर्डचे पॉइंट द्या, नाहीतर पैसे भरा. युरोपात ग्राहक संघटनांनी यावर आवाज उठवला, तर तिथल्या लोकांसाठी बॅकअपची अट काढली. आपल्याकडं कोणी बोललंच नाही.

कोणी म्हणेल, अपडेट नको तर बंद करा. नाही भाऊ, सुरक्षेची दुरुस्ती पाहिजेच. दुकानातल्या मशीनवर लोकांचे आधार आणि बँकेचे नंबर टाइप होतात. माझं म्हणणं एवढंच की दुरुस्ती आणि सजावट वेगळी ठेवा. कुलूप दुरुस्त करायला आलेल्या माणसानं घरातली चूल दुसऱ्या खोलीत हलवू नये.

आपलीही चूक आहे. २००१ पासून एमएस-सीआयटी करून महाराष्ट्रातले लाखो लोक कॉम्प्युटर शिकले. मीही त्यातलाच, आणि त्या कोर्सचे उपकार आहेत. पण कॉम्प्युटर म्हणजे विंडोज, एवढंच आपण शिकलो. केरळनं सरकारी शाळांमध्ये लिनक्स आणलं, तिथली पोरं त्यावरच शिकतात. मी दुकानातल्या एका जुन्या मशीनवर लिनक्स टाकलं. टायपिंग आणि फॉर्म मजेत चालतात. डिजिटल सहीचा डोंगल आणि जुना स्कॅनर मात्र अजून त्रास देतात, हेही खरं सांगतो.

सरकारी साइट कोणत्याही सिस्टिमवर चालली पाहिजे, शाळेत एकापेक्षा जास्त सिस्टिम शिकवल्या पाहिजेत आणि चालतं मशीन बाद करणाऱ्या कंपनीला ग्राहक म्हणून जाब विचारला पाहिजे. या तीन मागण्या फार मोठ्या नाहीत.

ते काका दुसऱ्या दिवशी आले, नोंदणी झाली. मुदत एक दिवस आधी संपली असती तर त्यांचं धान व्यापाऱ्याला पडेल भावानं गेलं असतं. ते नुकसान कोणत्याही कंपनीच्या वहीत लिहिलं गेलं नसतं.

तुमच्याकडं काय अनुभव आहे? सेतूवाले, शाळेतले सर-मॅडम, ग्रामपंचायतीतले ऑपरेटर, लिहा खाली. आपण घंटा वाजवली नाही, तर वर कोणाला कळणार की थांबायचं आहे?