राक्षसाच्या हातातलं देवाचं शस्त्र

रावणाने लक्ष्मणावर जी शक्ती फेकली, तिला आठ घंटा होत्या. वाल्मीकींच्या युद्धकांडात तसं स्वच्छ लिहिलेलं आहे. ती घडवली मयासुराने, म्हणजे मंदोदरीच्या वडिलांनी, आणि उत्तरकांड सांगतं की लेकीच्या लग्नात त्यांनी ती जावयाला दिली. मला हे ठाऊक असायलाच हवं, कारण राक्षसांची शस्त्रं बनवण्यावर माझं घर चालतं. मुंबईत मढला, कोळीवाड्याच्या अलीकडे माझा कारखाना आहे. पौराणिक मालिकांना लागणाऱ्या गदा, त्रिशूळ, खड्गं, मुकुट आम्ही फायबरमध्ये काढून देतो. आजवर आठ घंटांची शक्ती मला कुणीही मागितलेली नाही. मागतात ती कवटी.

ऑर्डर येते ती मोबाइलवरच्या फोटोतून. फोटो परदेशी कॉमिकमधला नाहीतर व्हिडिओ गेममधला. पात्याला करवतीसारखे दात, मुठीवर शिंगं, मध्यभागी कवटी आणि कवटीच्या डोळ्यांत लाल दिवा. खाली निरोप: ‘दादा, असुरासाठी आहे, एकदम राक्षसी पाहिजे.’ चंद्रहास खड्गाची मागणीसुद्धा मला अशीच आलेली आहे. ज्याच्या नावातच चंद्राचं हसू आहे, जे शंकराने कैलासावर स्वतः रावणाला दिलं, त्या खड्गावर कवटी! शंकराने दिलेली वस्तू अशी दिसेल का, एवढाच प्रश्न मी विचारला. उत्तर आलं की प्रेक्षकांना व्हिलन लगेच कळला पाहिजे.

माझं म्हणणं नेमकं याच्या उलट आहे. आपल्या कथांमधल्या राक्षसाचं शस्त्र देवाच्या शस्त्राइतकंच तेजस्वी दिसलं पाहिजे, कारण ते देवाचंच असतं. रावणाने कैलासाखाली हात चेंगरल्यावर हजार वर्षं स्तुती केली, तेव्हा शंकर प्रसन्न झाले. मेघनादाला ब्रह्मास्त्र दिलं ब्रह्मदेवाने. ही मिळकत कष्टाची आहे, चोरीची नाही. तप केलं, वर मिळाला, आणि मग तोच वर घेऊन माणूस कुठे गेला, ही सगळी गोष्ट आहे. शस्त्रावर कवटी डकवली की ती गोष्टच संपते. मग पाहणाऱ्या पोराला वाटतं, वाईट माणसाकडे वाईट वस्तू असते आणि ती लांबूनच ओळखू येते. तसं असतं तर सीता भिक्षा घालायला रेषेबाहेर आलीच नसती.

आमच्या कामाची रीतच बघा. आधी मातीत मूळ नग घडवायचा, त्यावर पीओपीचा दोन भागांचा साचा घ्यायचा. साच्याला आतून मेणाचं पॉलिश, मग जेलकोट, मग काचेच्या मॅटचे तुकडे रेझिनमध्ये भिजवून थरावर थर. हार्डनर जास्त झालं तर नग तडकतो, कमी पडलं तर चिकट राहतो. जुलैत मढच्या दमट हवेत लॅकर मारलं की त्यावर पांढरी झाक चढते, म्हणून पावसाळ्यात रंगाचं काम उघाड बघूनच काढावं लागतं. सुटलेला नग घासून, पुट्टी भरून, प्रायमर देऊन त्यावर सोनेरी चढवायचं. देवाची गदा इथे तयार झाली. राक्षसाची असेल तर आणखी एक हात: काळा रंग फासायचा, ओल्या फडक्याने लगेच पुसून घ्यायचा, खाचाखोचांत राहील तेवढा राहू द्यायचा. साचा बऱ्याचदा तोच असतो. बजेट नसतं म्हणून तसं करतात, पण पुराणाच्या हिशेबाने तेच बरोबर आहे. एकाच साच्यातून दोन्ही गदा निघतात. पुढचं काय ते धरणाऱ्या हातावर.

पुराणांतले कारागीरही असेच. विश्वकर्म्याने सूर्याचं तेज कातलं आणि त्या कातणातून विष्णूचं चक्र, शिवाचा त्रिशूळ, कार्तिकेयाची शक्ती घडवली, असं विष्णुपुराण सांगतं. त्वष्ट्याची कथा तर काळीज पिळवटणारी आहे. ऋग्वेदात इंद्राचं वज्र त्वष्ट्याने घडवलं. भागवतात त्याच त्वष्ट्याचा मुलगा विश्वरूप इंद्राच्या हातून मारला जातो आणि बाप सूडाने यज्ञ करून वृत्रासुर उभा करतो. त्या वृत्राला मारायला दधीचींच्या अस्थींचं वज्र लागतं. लढाईत ते वज्र इंद्राच्या हातून गळून पडतं, तेव्हा वृत्र म्हणतो, उचल आणि मार, ही वेळ खेद करायची नाही. या असुराच्या हाती मी कवटीची काठी कशी देऊ?

ज्या परदेशी कॉमिकचे फोटो मला येतात, ती मंडळीसुद्धा अशी चूक करत नाहीत. 2018च्या ‘अ‍ॅव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर’मध्ये खलनायक थॅनॉसचा पंजा सोन्यासारखा झळाळतो, त्यात सहा रंगांचे सहा मणी. तो घडवतो एइट्री नावाचा लोहार. आपण हवं ते करून दिलं तर आपली माणसं वाचतील, या आशेने तो घडवतो. थॅनॉस त्याची तीनशे माणसं मारतो आणि त्याचे हात निकामी करून जातो. पुढे त्याच एइट्रीच्या भट्टीत थॉरची नवी कुऱ्हाड तयार होते. सिनेमाच्या त्या भागात मला सर्वांत जवळचा वाटला तो हात गमावलेला लोहार. आमच्याकडे ते बघून नक्कल झाली ती फक्त धुराची आणि काळोखाची. 2023मध्ये ‘आदिपुरुष’ आला तेव्हा सोन्याची लंका काळीकरडी दिसली म्हणून लोक चिडले. ती चीड मला रास्त वाटली. लंका सोन्याची असणं हा सजावटीचा मुद्दा नाही. सोन्याच्या नगरीत राहणारा, वेद जाणणारा, शिवभक्त माणूस परस्त्रीला उचलून आणतो, यात भीती आहे. काळ्या गुहेतल्या राक्षसाने तसं केलं तर कुणाला धक्का बसणार?

दोष परदेशी चित्रांवर ढकलून भागणार नाही. 1967 पासून अमर चित्र कथेने आमच्या पिढ्यांचे डोळे घडवले. राम वाईरकर, प्रताप मुळीक यांच्या रेषेवर माझा जीव आहे. मी हात बसवला तो त्यांची चित्रं गिरवून. तरीही त्या पुस्तकांतले देव गोरे आणि असुर काळे, आडदांड, ही सवय तिथूनही आमच्या अंगात मुरली, असं म्हटलं गेलंय आणि ते मला पटतं.

मोबाइलच्या बोटभर पडद्यावर एका नजरेत खलनायक ओळखू यायला हवा, ही वाहिन्यांची अडचण मी समजू शकतो. पण सिंधुदुर्गात दशावतार बघा. पेटाऱ्यात तलवारी मोजक्याच. राजाच्या हातातली तलवार पुढच्या प्रवेशात राक्षसाच्या हातात गेलेली मी पाहिलीय. तरी मांडीवर पेंगणारं पोर दचकून जागं होतं, कारण राक्षस आरोळी ठोकत येतो, पाय आपटत येतो. ओळख नटाच्या अंगात असते. नटाला तेवढं काम द्या, शस्त्राकडून ते करून घेऊ नका.

गोव्यात नरकचतुर्दशीच्या पहाटे नरकासुराचे पुतळे जाळतात. वाड्यावाड्यातली पोरं रात्री जागून ते उभे करतात आणि त्याच्या हातातल्या शस्त्रावर जीव ओततात. त्याच नरकासुराची महाभारताच्या द्रोणपर्वातली गोष्ट आमच्या मालिकांत मी कधी पाहिली नाही. पृथ्वीने आपल्या मुलासाठी विष्णूकडे अस्त्र मागितलं आणि विष्णूने वैष्णवास्त्र दिलं. नरकासुरानंतर ते त्याच्या मुलाकडे, भगदत्ताकडे आलं. कुरुक्षेत्रावर भगदत्ताने ते अर्जुनावर सोडलं, तेव्हा कृष्ण मध्ये आला आणि त्याने ते आपल्या छातीवर घेतलं. छातीवर त्याची वैजयंती माळ झाली. देणाऱ्यानेच दिलेलं परत घेतलं, तेही स्वतःच्या अंगावर. हा प्रसंग दाखवायचा असेल तर असुराच्या हातातलं अस्त्र पहिल्या भागापासून विष्णूचं दिसायला हवं. कवटीची माळ होताना कुणाला पटणार नाही.

लेखकांना, दिग्दर्शकांना आणि वाहिन्यांच्या क्रिएटिव्ह मंडळींना माझी विनंती आहे की लूक ठरवायच्या बैठकीला आर्टच्या माणसाला बोलवा, आणि फोटो दाखवण्याआधी त्याला प्रसंग वाचून दाखवा. हे शस्त्र कुणी दिलं, कशासाठी दिलं, घडवलं कुणी, इतकं कळलं तरी पुरे. आकार आमचे हात शोधतील. खर्च वाढत नाही, उलट काळ्या रंगाचा तो शेवटचा हात वाचतो. पुढचं वैष्णवास्त्र माझ्या कारखान्यात आलं, तर ते देवघरात ठेवण्याजोगंच निघेल. त्यावर शिंगं हवी असतील, तर ती बसवायचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्या.