सोवळ्यातली दारू

"आपण दारू पीत नाही रे, आपण माल्ट पितो."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरच्या बाविसाव्या मजल्यावर. आमच्या टीम लीडचं घर. त्याच आठवड्यात अप्रेझलची पत्रं हातात पडली होती. टेबलावर चार बाटल्या, पोटात फुगीर आणि तोंडाशी निमुळते ग्लास, पाण्यासाठी एक ड्रॉपर आणि चखण्याला चक्क डार्क चॉकलेट. मी सव्वीस वर्षांचा होतो. त्याआधी माझा व्हिस्कीशी संबंध म्हणजे हॉस्टेलच्या गच्चीवर, स्टीलच्या पेल्यात, थम्सअपमध्ये बुडवून मारलेली.

आधी नाकाने प्यायचं, असं आम्हाला सांगण्यात आलं. मग प्रत्येकाने आपापल्या 'नोट्स' सांगायच्या. एकाला मध सापडला. एकाला ख्रिसमस केक. एकाला हेदर. हेदर हे स्कॉटलंडच्या माळांवर वाढणारं झुडूप. आम्हा सहा जणांपैकी कोणीही ते आयुष्यात पाहिलेलं नव्हतं, वास घेणं तर दूरच. माझी पाळी आल्यावर मी "व्हॅनिला" म्हणालो, कारण ते सेफ होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. खरं सांगायचं तर मला फेविकॉलचा डबा आणि नेलपॉलिश रिमूव्हर आठवला होता. पण इंटरव्ह्यूत न येणाऱ्या प्रश्नाला जसं आपण ओळखीचे शब्द फेकून उत्तर देतो, तसं दिलं.

आणि मग ते वाक्य. आपण दारू पीत नाही, आपण माल्ट पितो. सगळे हसले, मीही हसलो. परतताना माजिवड्याच्या सिग्नलला कॅब अडकली आणि ते वाक्य घशात आलं. त्याला आता तीन वर्षं होतील. ते गिळून टाकायचा माझा विचार नाही.

आधी कबुली देतो, म्हणजे पुढचं भांडण प्रामाणिक होईल. फरक असतो. सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून, तांब्याच्या भट्टीत गाळलेली आणि ओकच्या पिंपात मुरवलेली व्हिस्की. आपल्याकडे व्हिस्की म्हणून खपणारा बहुतेक स्वस्त माल हा मळीच्या किंवा धान्याच्या निर्गंध अल्कोहोलमध्ये थोडं माल्ट, थोडा रंग, थोडा स्वाद घालून बनतो. युरोपात मळीच्या दारूला व्हिस्की म्हणूच देत नाहीत. आणि व्हॅनिलासुद्धा थाप नाही. ओकचं लाकूड आतून भाजलं की त्यातून व्हॅनिलिन सुटतं, ते पिंपातून ग्लासात येतं. मी न कळता बरोबर उत्तर दिलं होतं, एमसीक्यूत लागतो तसा तुक्का. पुढे स्वतःच्या पैशांनी बाटली आणली, महिनाभर रोज अर्धा पेग घेऊन बसलो आणि तेव्हा कुठे एकेक वास वेगळा व्हायला लागला. ते सुख खरं आहे. मी आजही पितो.

माझं भांडण माल्टशी नाही. ते त्याच्याभोवती आम्ही आखलेल्या सोवळ्याशी आहे. आजी सोवळ्यात स्वयंपाक करायची तेव्हा आम्ही तिला शिवायचं नाही. अन्न तेच, हात तेच, फक्त भोवती एक रेघ. माझ्या पिढीतल्या पगारदारांनी दारूभोवती तशीच रेघ ओढली आहे. रेघेच्या आत तो शौक, बाहेर ते व्यसन. आत टेस्टिंग, बाहेर ढोसणं. रेघ आखणारी गोष्ट जीभ नाही, पगार आहे.

'आम्ही कमी पितो, सावकाश पितो, ताकदीचं पीत नाही' हा यावरचा लाडका युक्तिवाद. हिशेब करू. भारतातल्या साध्या व्हिस्कीत 42.8 टक्के अल्कोहोल असतं. पॉल जॉन ब्रिलियन्समध्ये 46, अमृत फ्यूजनमध्ये 50. एक क्वार्टर म्हणजे 180 मिली, त्यात अल्कोहोल साधारण 77 मिली. त्या रात्री बाविसाव्या मजल्यावर प्रत्येकाने पंचेचाळीस मिलीचे किमान चार ग्लास घेतले. तेही 180 मिलीच. फ्यूजनच्या हिशेबाने 90 मिली अल्कोहोल. लिव्हर लेबल वाचत नाही. आमच्यातल्या एकाला लिफ्टमधून धरून उतरवावं लागलं, पण दुसऱ्या दिवशी ग्रुपवर त्याचं वर्णन 'एपिक नाइट' असं झालं. तोच माणूस कल्याण स्टेशनच्या पुलाखाली तसा दिसला असता तर त्याला आपण काय म्हणालो असतो, ते सांगायला नको.

हा हिशेब मला इतका का लागतो, तेही सांगतो. माझे बाबा डोंबिवली एमआयडीसीत एका रेझिन बनवणाऱ्या कारखान्यात ऑपरेटर होते. शनिवारी शिफ्ट संपली की काळ्या पिशवीतून एक क्वार्टर आणायचे. कधी परमिट रूममध्ये बसून यायचे. एक क्वार्टर दोन संध्याकाळी पुरवायचे, सोबत शेंगदाणे आणि रेडिओ. आरडाओरडा नाही, हात उगारणं नाही. तरी आई शेजारच्या बाजूची खिडकी लावून घ्यायची. मी नववीत असताना आमच्या बिल्डिंगच्या गणपतीत आरतीच्या यजमानांची यादी लागली, त्यात दरवर्षी असणारं बाबांचं नाव नव्हतं. "ते घेतात ना," एवढंच कारण कोणीतरी आईला जिन्यात सांगितलं. बाबांनी काही विचारलं नाही. पाचही दिवस ते सेकंड शिफ्टला गेले.

मागच्या वर्षी त्याच कमिटीतल्या एका काकांनी मला जिन्यात थांबवलं. जावई पुण्याहून येणार होते. "तुला त्यातलं कळतं म्हणे. चार-पाच हजारांत चांगली सिंगल माल्ट कुठली रे?" मी दोन नावं सांगितली. ती त्यांनी फोनमध्ये टिपून घेतली आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

आता रेघेचं काम फक्त आमच्या जिन्यापुरतं नाही, हे दाखवतो. त्या फ्लॅटच्या बाल्कनीतून येऊरचे डोंगर दिसतात. तिथे आदिवासी पाडे आहेत, आणि ठाणे जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यात, शहापूर-मुरबाडपर्यंत, मोहाची झाडं आहेत. या भागातले वारली, कातकरी, ठाकूर मोहाच्या फुलांपासून दारू गाळत आले. लग्नात ती लागते, देवाला ती लागते. इंग्रज सरकारला त्यात नीती-अनीती दिसण्याआधी महसूल दिसला. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने घरगुती भट्ट्या मोडून दारू मोठ्या डिस्टिलऱ्यांकडे नेली. ठाण्याच्या लोकांनी उरणच्या भट्ट्यांतली, कर भरलेली दारू विकत घ्यायची होती. लोक ऐकेनात, कारण फुलं दारातच पडत होती. मग 1892 मध्ये खास म्होवरा कायदा आला, आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं बाळगण्या-विकण्यावरच बंधनं आली. फूल बाळगणं गुन्हा! ज्या दारूला झाड, जागा, हंगाम आणि गाळणारा हात असं सगळं होतं, जे सगळं आज माल्टच्या खोक्यावर सोनेरी अक्षरांत छापतात, ती दारू गावठी ठरली. 2018 मध्ये 'डेस्मंडजी' नावाने मोहाची दारू सुबक बाटलीत गोव्याच्या बाजारात आली. आमच्या ग्रुपवर तिचा फोटो पडला तेव्हा खाली कौतुकाचे अंगठे होते.

गावठीचं गोडवं गातोय असं समजू नका. 2015 मध्ये मालवणीत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली. ते मोहाचं फूल नव्हतं, मिथेनॉल होतं, आणि ते प्यायले कोण, तर ज्यांना त्याहून बरी बाटली परवडत नव्हती ते.

सरकारी कागदांतही हीच रेघ आहे. 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात आजही प्यायला परवाना लागतो, म्हणून तर बारच्या पाटीवर 'परमिट रूम' असतं. परवाना मिळतो तो आरोग्याच्या रक्षणासाठी! आपल्या कारखान्यात, आपल्या मळीपासून बनलेल्या व्हिस्कीचं सरकारी नाव 'भारतीय बनावटीचं विदेशी मद्य'. विनोद इथे संपतो आणि दर सुरू होतात. नोव्हेंबर 2021 मध्ये राज्याने आयात स्कॉचवरचं शुल्क 300 टक्क्यांवरून 150 टक्क्यांवर आणलं. तस्करी थांबेल, शेजारच्या राज्यांशी बरोबरी होईल, ही कारणं दिली गेली, आणि ती अगदीच पोकळ नव्हती. पण जून 2025 मध्ये जे शुल्क दीडपट झालं ते कुठल्या बाटल्यांवर? ज्यांचा उत्पादनखर्च लिटरला 260 रुपयांपर्यंत आहे त्यांच्यावर, म्हणजे बाबांच्या क्वार्टरवर. तिची किमान किंमत 205 रुपये ठरली. त्याच वर्षी जुलैत ब्रिटनशी व्यापार करार झाला, त्यात स्कॉचवरचं केंद्राचं आयात शुल्क 150 वरून 75 आणि दहा वर्षांत 40 टक्क्यांवर येणार आहे. खिशाला चाट कोणाच्या आणि सवलत कोणाला, हे समजायला एक्सेल उघडावं लागत नाही.

सगळ्यात लाजिरवाणं मला वाटतं ते शब्दांचं सोवळं. बंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीने 2004 मध्ये आपली सिंगल माल्ट बाजारात आणली ती कुठे? ग्लासगोत. कंपनीचे प्रमुख नीळकंठ जगदाळे यांना ठाऊक होतं की इथे तिला कोणी विचारणार नाही. 2010 च्या 'व्हिस्की बायबल'मध्ये जिम मरेने फ्यूजनला जगात तिसरं ठरवलं, आणि मग आम्हाला तिच्यात चव सापडू लागली. बरं, ही व्हिस्की इथल्या उन्हाने घडते. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला दोनेक टक्के दारू उडते, त्याला ते देवदूतांचा वाटा म्हणतात. बंगळुरूत दहा-बारा टक्के उडते. आपल्याकडचे देवदूत जरा जास्तच घेतात. पण म्हणूनच चारपाच वर्षांत ती मुरते. बरीचशी बार्ली उत्तर भारतातली, ऊन दक्षिणेतलं, आणि वास शोधायचा स्कॉटलंडच्या माळावर? मला फ्यूजनमध्ये खरपूस भाजलेला रवा आणि सुंठवडा सापडतो. कुंकळ्ळीत बनणाऱ्या पॉल जॉनमध्ये काकवी. चुकत असेन, पण निदान मी ते खाल्लेलं आहे. आणि ज्या भाषेत 'पहिल्या धारेची' हा शब्दप्रयोग आहे, तिला गाळण्यातलं काही कळत नाही असं कसं म्हणायचं? भट्टीतून आधी काय येतं, नंतर काय येतं, हे ओळखणं हाच तर स्कॉटलंडमधल्या डिस्टिलरचाही धंदा.

गेल्या दिवाळीत ऑफिसमधल्या एकाने ड्यूटी-फ्रीमधून लाफ्रॉइग आणून दिली. आयला बेटावरची, धुराची. घरी उघडली. बाबांनी सहा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितल्यावर सोडली आहे, पण ग्लास बघून ते शेजारी येऊन बसले. मी त्यांना फक्त वास घ्यायला दिला. त्यांनी ग्लास नाकाशी नेला, मग थोडा लांब धरला, जसा ते कंपनीतल्या सॅम्पलचा घेत असतील.

"फिनॉल आहे यात," ते म्हणाले. "आणि थोडा क्रेसॉल. अरे, हे तुम्ही पिता?"

मी फोन काढून बघितलं. बार्ली वाळवताना खाली पीट जाळतात, म्हणजे दलदलीत हजारो वर्षं कुजून दबलेली वनस्पती. तिच्या धुरातली फिनॉल कुळातली रसायनं, त्यात क्रेसॉलही, दाण्याला चिकटतात. व्हिस्कीचा धूर मोजतातच मुळी फिनॉलच्या पीपीएममध्ये. लाफ्रॉइगची बार्ली साधारण चाळिशीत असते. बत्तीस वर्षं त्या वासात काढलेल्या माणसाने वीस सेकंदांत सांगितलं. त्यांच्या शर्टाला हा वास यायचा. तो धुऊन जायचा नाही म्हणून आई ते कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची. मला बाटली उघडल्या उघडल्या काहीतरी ओळखीचं वाटलं होतं आणि मी मनात खुशाल 'सागरी, औषधी' असं लिहून टाकलं होतं.

पुढच्या महिन्यात परत घोडबंदरला बैठक. पीटेड बाटली फिरली, माझी पाळी आली. मी म्हणालो, "फिनॉल. थोडा क्रेसॉल."

टीम लीडने मान वर केली. "भारी. कुठे वाचलंस?"

"बाबांनी सांगितलं."

"अरे वा! काकापण माल्टवाले?"

"नाही," मी म्हणालो. "क्वार्टरवाले."

कोणी काही बोललं नाही. मग कोणीतरी चॉकलेटची बशी माझ्याकडे सरकवली.