ऑफशोअर इन्स्पेक्शनसाठी पहिला अनुभव मिळवून देण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब
तथा अध्यक्ष, जिल्हा कौशल्य विकास कार्यकारी समिती, बुलढाणा

विषय : समुद्रातील तेल-वायू प्लॅटफॉर्मवरील तपासणीच्या कामासाठी जिल्ह्यातील तरुणांना अनुभव व प्रशिक्षण मिळणेबाबत.

महोदय,

आम्ही खाली सही करणारे खामगाव, शेगाव, मलकापूर, चिखली व मेहकर भागातील आयटीआय, पदविका आणि अभियांत्रिकी झालेले तरुण आहोत. आमच्यापैकी अनेकांनी पदरमोड करून मुंबई-पुण्यात एनडीटीचे (वस्तू न तोडता करायच्या तपासणीचे) लेव्हल टू कोर्स केले. मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटर आत समुद्रात असलेल्या बॉम्बे हाय या तेलक्षेत्रात 1976 पासून उत्पादन सुरू आहे. तिथले वेल्डिंगचे सांधे आणि पाइप वारंवार तपासावेच लागतात. जाहिरातीत मात्र 'ऑफशोअर अनुभव आवश्यक' ही ओळ ठरलेली. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तशी आमची गत झाली आहे.

हा गुंता जिल्हा पातळीवर बराचसा सुटू शकतो, असे आमचे म्हणणे आहे. अल्ट्रासॉनिक यंत्राने जाडी मोजायची तर पृष्ठभाग घासून साफ करायचा, जेल लावायची, प्रोब टेकवायचा आणि आलेला आकडा मागच्या नोंदीशी ताडून पाहायचा. बॉयलरच्या नळीवर आणि प्लॅटफॉर्मवरच्या पाइपवर हात तोच चालतो. निरीक्षकांना पात्र ठरवण्याच्या एसएनटी-टीसी-1ए पद्धतीत लेव्हल टूचे प्रमाणपत्र नोकरी देणाऱ्या कंपनीने कामाचे तास धरून द्यायचे असते. कोर्सवाले थोड्या दिवसांत कागद देतात, तास कुठून देणार? मुलाखतीत पहिला प्रश्न येतो, "कुठल्या शटडाउनला होतास?" तिथेच आम्ही गप्प होतो.

शेगावच्या शेजारी पारस आणि मलकापूरच्या पलीकडे दीपनगर, ही दोन्ही औष्णिक केंद्रे महानिर्मितीची, म्हणजे शासनाचीच. तिथे देखभालीसाठी संच बंद होतात, म्हणजे शटडाउन असते, तेव्हा तपासणीचे काम निघते. त्या काळात कंत्राटदाराच्या लेव्हल टू निरीक्षकाच्या हाताखाली जिल्ह्यातील मुलांना शिकाऊ म्हणून घ्यावे आणि प्रत्येकाच्या तासांची सही-शिक्क्यानिशी नोंद वहीत करून द्यावी, यासाठी आपण महानिर्मितीला पत्र द्यावे, ही आमची मुख्य मागणी आहे. विद्यावेतनासाठी मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना वापरता येईल. या योजनेत आमच्यातले काही जण कार्यालयांत फायली लावत बसले. त्यांच्या शिक्षणाचा तिथे काडीचाही उपयोग झाला नाही.

समुद्राचे म्हणून जे वेगळे आहे ते जीवरक्षण. त्याच्या प्रशिक्षणात हेलिकॉप्टरच्या सांगाड्यात पट्ट्याने बांधून तलावात उलटे करतात आणि खिडकी ढकलून बाहेर यावे लागते. विहिरीत पोहायला शिकलेल्या आमच्या पोरांना पाण्याचे भय नाही, फीचे आहे. गोव्यात ओएनजीसीच्या सागरी जीवरक्षण केंद्राचे 6 फेब्रुवारी 2024 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झाले. तिथे किंवा अन्य मान्यताप्राप्त केंद्रात प्रशिक्षण घेणाऱ्यांची फी जिल्हा वार्षिक योजनेच्या नावीन्यपूर्ण योजनांतून द्यावी. मात्र ज्याच्या वहीत तास भरले आहेत त्यालाच द्यावी, सरसकट नको. जीवरक्षण प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रांची मुदत संपते आणि काम नसताना काढलेला कागद वाया जातो. या प्रशिक्षणाकडे सोपस्कार म्हणून पाहू नये, ही विनंती. मे 2021 मध्ये तौक्ते वादळात पी-305 बार्ज आणि वरप्रदा टग बुडून 80 हून अधिक जणांचा जीव गेला. त्यांत कंत्राटी कामगारांची संख्या मोठी होती.

एजंटांचा बंदोबस्तही तातडीने हवा. 'अनुभव नसला तरी आखातात ऑफशोअर' असे सांगून लाखांत पैसे मागितले जातात. नोंदणीकृत एजंटाला 30,000 रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही, हे गावात कोणाला ठाऊक नाही. जिल्हा रोजगार केंद्रात एका कर्मचाऱ्याकडे केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावरील एजंटाची नोंदणी पडताळून देण्याचे काम सोपवावे. सोयाबीन विकून आलेला पैसा असल्या एजंटाच्या हातात पडण्याआधी बापाला एकदा तिथे विचारता आले पाहिजे.

आणखी एक रोजगार मेळावा घेऊन हा विषय निकाली काढू नये. पारस येथील पुढच्या शटडाउनपूर्वी महानिर्मितीचे अधिकारी, आयटीआयचे प्राचार्य आणि आमचे प्रतिनिधी यांची बैठक आपल्या दालनात लावावी व तिचे इतिवृत्त आम्हाला द्यावे, ही विनंती.

आपले विनम्र,
बुलढाणा जिल्ह्यातील एनडीटी प्रशिक्षित युवक-युवती
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहितीस्तव : मा. सहायक आयुक्त, जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र, बुलढाणा